चालता मोर्चा

'रणगाडा' हा मला मराठीतल्या भाग्यवान शब्दांपैकी एक वाटतो. बाहेरून आलेल्या वस्तूला कुणीतरी प्रतिशब्द द्यायचा आणि लोकांनी तो मुकाट्याने वापरायला लागायचं, असं आपल्याकडे फार वेळा होत नाही. रणगाड्याच्या बाबतीत ते झालं. गंमत अशी की मूळ इंग्रजी शब्दापेक्षा आपला शब्द जास्त खरा आहे. इंग्रजांचा 'टँक' ही सरळसरळ थाप होती. १९१५-१६ साली लिंकन गावातल्या कारखान्यात हे लोखंडी धूड तयार होत होतं, तेव्हा त्याचा सुगावा लागू नये म्हणून पाण्याच्या टाक्या बनवतोय असं सांगितलं गेलं. थाप चिकटली आणि पुढे जगभर तेच नाव झालं. आपण मात्र पाहिलं, हा तर रणात जाणारा गाडा. म्हटलं रणगाडा. संपला विषय!

पण रणगाड्याचा पूर्वज कोण, हा विषय असा झटकन संपत नाही. यावर गप्पा सुरू झाल्या की दोन पक्ष हमखास पडतात. एक पक्ष लिओनार्दो दा विंचीचं चित्र पुढे करतो. दुसरा पक्ष म्हणतो, कसला लिओनार्दो, आमच्या अजातशत्रूकडे त्याच्या दोन हजार वर्षं आधी 'रथमूसल' होता. आणि खरंच, जैनांच्या भगवती सूत्रात वैशालीकरांविरुद्धच्या युद्धात घोड्यावाचून आणि सारथ्यावाचून फिरणाऱ्या, मुसळ लावलेल्या रथाचं वर्णन आहे. मग दोन्ही पक्ष आपापल्या पुराव्यांनिशी तास-दोन तास भांडतात आणि चहा पिऊन घरी जातात.

मला या भांडणात फारसा रस नाही. यंत्राचं चित्र कोणी आधी काढलं यापेक्षा, अशा यंत्राची गरज माणसाला कुठे आणि किती तीव्रतेने भासली, हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. आणि या प्रश्नाचं उत्तर शोधायला इटलीला जायची गरज नाही. पश्चिम रेल्वेच्या बोईसर स्टेशनावर उतरलं तरी पुरतं.

बोईसर म्हटलं की आज लोकांना एमआयडीसी आठवते, तारापूर म्हटलं की अणुवीज केंद्र. १९६९ साली इथे देशातली पहिली व्यापारी अणुवीज तयार झाली, ती शाळेच्या पुस्तकात आली आणि तारापूरची ओळख कायमची ठरून गेली. पण त्या गावात खाडीच्या दक्षिणेला एक जुना भुईकोट उभा आहे हे बऱ्याच जणांच्या गावीही नसतं. पलीकडच्या काठावर चिंचणी, अलीकडे तारापूर, आणि मध्ये खाडीवर नजर ठेवून पोर्तुगीजांचा हा कोट. पुढे पेशव्यांकडून तो विकाजी मेहेरजी या पारशी घराण्याला इनाम मिळाला. आत आता वाडी आहे, झाडं आहेत, तट मात्र अजून बऱ्यापैकी उभा आहे.

हा किल्ला डोंगरी नाही हे आधी लक्षात घ्या. आपल्या मनात 'किल्ला' म्हटलं की सह्याद्री येतो, कडा येतो, घोरपड येते. इथे तसलं काही नाही. सपाट जमीन, नारळी-पोफळी, एका बाजूला खाडी, पुढे समुद्र. अशा ठिकाणी किल्ल्याचं संरक्षण उंची करत नाही. ते करतं समोरचं मोकळं मैदान. तटावर तोफा, जंग्यांमध्ये बंदुका, आणि खाली खंदकापर्यंतची शे-दीडशे पावलांची उघडी जमीन. तिच्यावर ना झाड, ना दगड. जो कुणी किल्ल्याकडे येईल त्याला ही जमीन ओलांडावीच लागणार, आणि ओलांडताना तो वरच्या बंदूकवाल्याला दिसणारच. पोर्तुगीजांनी कोकणपट्टीत दोनशे वर्षं तग धरली त्यात या उघड्या जमिनीचा वाटा फार मोठा आहे.

वसईची मोहीम १७३७ च्या मार्चमध्ये सुरू झाली. ठाणे लवकर हाती आलं, पण पुढे गाडं अडलं. वसई, माहीम, तारापूर असे किनाऱ्यावरचे कोट दोन वर्षं दाद देईनात. मराठी फौजेची सारी ताकद वेगात. आज इथे, उद्या तीस कोसांवर. बाजीरावाने अख्खा हिंदुस्थान घोड्याच्या टापांवर जिंकत आणला होता. पण घोडा कितीही चपळ असला तरी तो तट चढत नाही, आणि उघड्या मैदानात बंदुकीच्या गोळीपुढे त्याचं चापल्य शे-दीडशे पावलांतच संपतं. शेवटी १७३९ च्या जानेवारीत चिमाजी अप्पा स्वतः उत्तर कोकणात उतरले आणि त्याच महिन्यात माहीम, केळवे, शिरगाव आणि तारापूर या ठाण्यांवर एकामागून एक घाव घातले गेले. यातलं तारापूर सर्वांत चिवट निघालं.

आता जरा 'मोर्चा' या शब्दाकडे वळू या. हल्ली मोर्चा म्हणजे झेंडे घेऊन कलेक्टर कचेरीवर जाणारी माणसं. पण वर्तमानपत्रात निवडणुकीच्या दिवसांत 'मोर्चेबांधणी' हा शब्द येतो ना, त्यात जुना अर्थ अजून शिल्लक आहे. मोर्चा म्हणजे वेढा घालणाऱ्याने किल्ल्यासमोर बांधलेला आडोसा. चर खणायचा, त्याची माती पुढे टाकून बांध घालायचा, त्यामागे तोफ किंवा बंदूकवाले बसवायचे. हा झाला एक मोर्चा. मग रात्रीतून त्याच्या पुढे दुसरा. मग तिसरा. सरळ रेषेत गेलं तर तटावरून चराच्या पोटात गोळी येते, म्हणून नागमोडी जायचं. 'मोर्चे पुढे सरकले' असं बखरींत आणि पत्रांत आपण वाचतो आणि पुढे जातो. पण 'सरकले' या एका शब्दामागे किती कुदळी, किती रात्री आणि किती माणसं गेली असतील याचा विचार करत नाही. किनाऱ्यालगत तर थोडं खणलं की पाणी लागतं आणि वाळूची भिंत ढासळते, तो ताप वेगळाच.

मोर्चे खंदकाजवळ भिडले की सुरुंग. खाली भुयार खणत बुरुजाच्या पायापर्यंत जायचं, तिथे दारू ठासायची, तोंड बुजवायचं आणि बत्ती द्यायची. सगळं नीट जमलं तर बुरूज उडतो. तारापूरला असे चार सुरुंग तयार केले होते. त्यातले दोन चांगले उडाले. एक बुरूज आणि लगतच्या तटाचा भाग कोसळला.

इथपर्यंत माणूस जमिनीखाली होता, म्हणजे निदान तटावरच्या गोळीपासून वाचलेला होता. पण भगदाड पडलं की खेळ बदलतो. आता चरातून बाहेर यायचं आणि उघड्यावरून, ढासळलेल्या दगडांच्या राशीवरून, समोर तलवारी आणि बंदुका रोखून उभ्या असलेल्या माणसांवर चालून जायचं. शेवटची ती काही पावलं. त्यांना कुठलाच आडोसा नाही. भगदाडातून घुसणाऱ्यांत बाजी भिवराव रेठरेकर होते, रामचंद्र हरी होते, यशवंतराव पवार आणि तुकोजी पवार होते. किल्ल्यातल्या लोकांनी त्यांना बराच वेळ भगदाडातच रोखून धरलं. अखेर राणोजी भोसल्यांनी उजवीकडून खंदक ओलांडला, ते तटावर चढले आणि मग आत हातघाई झाली. किल्ल्यातले लोक पूर्ण मोडेपर्यंत लढत राहिले. चिमाजी अप्पांनी आपल्या पत्रात शत्रूच्या या शौर्याची कबुली दिली आहे. मला ही गोष्ट नेहमी विशेष वाटते. जिंकलेल्या माणसाने, त्यातही माणसं गमावून जिंकलेल्या माणसाने, असं लिहायला मन मोठं लागतं.

तारापूरला बाजी भिवराव गोळी लागून पडले. हे बाजीरावाचे जिवलग. त्यांच्या आईला बाजीरावाने सांत्वनाचं पत्र लिहिलं, ते प्रसिद्ध आहे. बाजी भिवरावांसारख्या मोठ्या सरदाराचं नाव आपल्याला माहीत आहे, कारण त्यांच्यासाठी पेशव्याने पत्र लिहिलं. चारही सुरुंग ज्यांनी खणले, भुयारात गुडघ्यांवर बसून दारूच्या पिशव्या ज्यांनी पुढे सरकवल्या, त्यांच्या घरी कोण पत्र लिहिणार? त्यांच्यातले किती परत आले, हा प्रश्न विजयाच्या वर्णनांमध्ये कधी येतच नाही.

तारापूर पडल्यावर फेब्रुवारीत वसईला वेढा पडला आणि मे महिन्यापर्यंत चालला. तिथे हेच सगळं, फक्त दहा पटींनी. मोर्चे, चर, सुरुंग, भगदाड, परत फिरणं, पुन्हा धावणं. एका हल्ल्यात तर पहिला सुरुंग उडाल्यावर आपली माणसं भगदाडाकडे धावली आणि उशिरा पेटलेल्या दुसऱ्या सुरुंगाने त्यांनाच उडवलं. वसई पडली तेव्हा मराठ्यांचं नुकसान पाच हजारांहून अधिक माणसांचं होतं असं ग्रँट डफ लिहितो, पोर्तुगीजांचं आठशे. चिमाजी अप्पांची ती आख्यायिका तुम्ही ऐकली असेलच. किल्ला येत नसेल तर मला तोफेच्या तोंडी बांधा आणि माझं मस्तक तरी किल्ल्यात पडू द्या, असं ते म्हणाले म्हणतात. ते खरोखर असं म्हणाले की नाही हे बाजूला ठेवू. पण लोकांनी ही गोष्ट पिढ्यान् पिढ्या जपली, कारण तिच्यात त्या वेढ्याची सगळी अगतिकता आहे. मधली जमीन ओलांडायची आहे आणि ओलांडायला स्वतःच्या देहाशिवाय दुसरं साधन नाही!

माझ्या मते रणगाड्याचा जन्म या अगतिकतेत आहे. त्याची वंशावळ लावायची तर चित्रांच्या वह्यांमधून लावू नये, वेढ्यांमधून लावावी.

तशी ती लावायला घेतली की फार मागे जाता येतं. इसवी सनापूर्वी नवव्या शतकातल्या असीरियन शिल्पपटांत चाकांवरचं, वरून झाकलेलं तट फोडायचं यंत्र दिसतं. पुढे ७०१ साली, तेही इसवी सनापूर्वीच, सेन्नाखेरिबने लाखीश शहराला वेढा घातला, त्याचे शिल्पपट आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. त्यात एक फार बोलका तपशील आहे. तटावरून लोक पेटते पलिते टाकताहेत आणि यंत्रावर बसलेला एक सैनिक लांब दांड्याच्या पळीने यंत्रावर पाणी ओततोय. म्हणजे आडोसा बरोबर घेऊन जायची कल्पना आली तेव्हाच त्या आडोशाला आग लावायची कल्पनाही आली, आणि ती विझवायचीही.

आपल्याकडचं सर्वांत भव्य उदाहरण म्हणजे अकबराचा चितोडचा वेढा, १५६७-६८. अकबराने तिथे 'साबात' बांधवले. दोन्ही बाजूंना जाड भिंती, वर फळ्या आणि कातड्याचं छप्पर, असा झाकलेला नागमोडी रस्ता थेट तटापर्यंत. रुंदी इतकी की दहा घोडेस्वार एका ओळीत जावेत. आत शिरलेला माणूस सुरक्षित. पण हा रस्ता बांधणारा? तो उघड्यावर. बांधकामावरच्या मजुरांना कच्च्या कातड्याच्या ढाली दिल्या होत्या, तरी रोज शंभराच्या आसपास माणसं मरत होती असं त्या काळच्या इतिहासकारांनी लिहून ठेवलंय. उशिरा उडालेल्या सुरुंगाने आपलीच माणसं मारण्याचा प्रकारही चितोडला घडला होता, वसईच्या पावणेदोनशे वर्षं आधी. १६६५ साली पुरंदरच्या वेढ्यात मिर्झाराजे जयसिंगांनी लाकडी दमदमे उभारले, म्हणजे बुरुजाच्या उंचीला भिडणारे ओटे. चितोडच्या साबाताने माणूस झाकला जात होता, पुरंदरच्या दमदम्याने मारा करता येत होता. पण दोन्ही जागचे हलत नव्हते.

थोडा वेळ याचा हिशेब मांडू. रणगाड्याला तीन गोष्टी एकत्र लागतात. आडोसा हवा, मारा हवा आणि चाल हवी. इतिहासातलं प्रत्येक साधन घेऊन बघा, त्यात यातल्या दोन सापडतात आणि तिसरी निसटते. मोर्चाला आडोसा आहे, मारा आहे, पण तो एका रात्रीत काही हातच पुढे जातो. घोडदळाला चाल आहे, मारा आहे, आडोसा शून्य. चिलखत घातलेला हत्ती हा त्यातल्या त्यात जवळचा. तो चालतो, त्याच्या पाठीवरून मारा करता येतो, त्याच्या अंगावर लोखंडी पाखर असते. पण हत्ती हा सजीव प्राणी आहे आणि त्याला जगायचं आहे! तोफा-बंदुकांच्या आवाजाने बिथरला की तो मागे वळतो आणि आपल्याच लोकांना तुडवतो. यंत्राला भीती वाटत नाही, हा यंत्राचा सर्वांत मोठा गुण आणि सर्वांत मोठा दोष.

पंधराव्या शतकात बोहेमियातल्या यान झिझ्काने शेतकऱ्यांच्या गाड्यांना जाड फळ्या ठोकल्या, आत बंदूकवाले आणि छोट्या तोफा ठेवल्या आणि भल्याभल्या सरदारांच्या घोडदळाला धूळ चारली. बाबराने १५२६ मध्ये पानिपतला गाडे कातड्याच्या दोरांनी एकमेकांना बांधून त्यांच्या मागे तोफा-बंदुका लावल्या, ती त्याच कुळातली युक्ती. पण लढाई सुरू झाली की या गाड्या थांबलेल्या असत. त्या रणांगणापर्यंत चालत, रणांगणावर नाही.

आणि लिओनार्दो? त्याने १४८२ च्या सुमारास मिलानच्या लुदोविको स्फोर्झाला पत्र लिहून झाकलेले, अभेद्य रथ बनवून देतो असं कळवलं होतं. त्याच्या चित्रात कासवाच्या पाठीसारखं छप्पर आहे, चहूबाजूंना मारा करणाऱ्या तोफा आहेत आणि आत दांडे फिरवणारी माणसं आहेत. चित्रातली चाकांची जोडणी मात्र अशी की पुढची चाकं एकीकडे आणि मागची उलट दिशेला फिरतील. ही चूक होती की मुद्दाम ठेवलेली खोच, यावर पुष्कळ लिहिलं गेलंय. पण जोडणी बरोबर असती तरी ते धूड माणसांच्या मनगटांनी नांगरटीतून हललं नसतं. खरी अडचण तिथे होती. आडोसा जितका जाड तितका जड, आणि जड ते ओढायला माणसाच्या किंवा बैलाच्या अंगात ताकद नाही. लिओनार्दो असो, झिझ्का असो की अकबर, सगळे या एकाच ठिकाणी येऊन थांबले. ती ताकद पेट्रोलच्या इंजिनात आणि शेतीच्या ट्रॅक्टरच्या साखळीपट्ट्यांत सापडायला विसावं शतक उजाडावं लागलं.

तोपर्यंत युद्धही बदललं होतं. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये जे झालं ते मला नेहमी एका आडव्या किल्ल्यासारखं वाटतं. तट नाही, बुरूज नाही, पण स्वित्झर्लंडपासून समुद्रापर्यंत खणलेला खंदक आहे, काटेरी तार आहे, मशिनगन आहे, आणि मध्ये तीच ती उघडी जमीन. तारापूरला शे-दीडशे पावलांची होती, इथे शेकडो मैल पसरलेली.

या आडव्या किल्ल्यासमोर आपल्याकडचं घोडदळही उभं होतं हे आपण विसरतो. पूना हॉर्स ही पलटण १८१७ सालची. दुसऱ्या बाजीरावावर पुण्याचा तह लादला गेला, त्यातून पेशव्याच्या खर्चाने इंग्रजांनी उभं केलेलं हे घोडदळ. ते १९१४ पासून फ्रान्समध्ये होतं. डेक्कन हॉर्स होतं. घोडे तयार, भाले तयार, आणि कधीतरी पायदळ भगदाड पाडेल, मग आपण त्यातून दौडत जाऊ, म्हणून वाट बघत बसलेले. १४ जुलै १९१६ ला सोमच्या लढाईत डेक्कन हॉर्सने हाय वुडजवळ खरोखरच भाले रोखून दौड केली. शौर्याला तोटा नव्हता. पण एका संध्याकाळच्या दौडीने आडवा किल्ला पडत नाही.

त्यानंतर दोनच महिन्यांनी, १५ सप्टेंबर १९१६ ला, त्याच आघाडीवर फ्लेअर्स गावाजवळ पहिल्यांदा रणगाडे लढाईत उतरले. अठ्ठावीस टनांचा एकेक, आत आठ माणसं, वेग जेमतेम आपल्या भरभर चालण्याइतका. एकोणपन्नास दिले होते, त्यातले बत्तीसच्या आसपास सुरुवातीच्या रेषेपर्यंत पोचले, बाकीचे वाटेतच बिघडले किंवा रुतले. आतली हवा म्हणजे भट्टी. इंजिन माणसांच्या मधोमध, धूर आत, आवाज इतका की एकमेकांना खुणेने सांगायचं. तरीही गोळ्या त्याच्या अंगावरून निसटून जात होत्या आणि तो पुढे जात होता. मोर्चा चालायला लागला होता.

पुढच्या वर्षी नोव्हेंबरमध्ये कांब्रेला चारशेहून अधिक रणगाडे एकदम सोडले. तिथला एक तपशील मला फार आवडतो. जर्मनांचे खंदक इतके रुंद होते की रणगाडा त्यात पडला असता. मग काय केलं? प्रत्येक रणगाड्याच्या डोक्यावर झाडाच्या फांद्यांची प्रचंड मोळी बांधली, दीड-पावणेदोन टनांची, साखळदंडाने आवळलेली. खंदकाशी आलं की ती मोळी आत ढकलायची आणि तिच्यावरून पलीकडे जायचं. काड्यांच्या मोळ्या टाकून खंदक बुजवणं ही वेढ्यातली जगभरची सर्वांत जुनी युक्ती! विसाव्या शतकातलं सर्वांत आधुनिक यंत्र रणांगणावर आलं ते डोक्यावर मोळी घेऊन. वंशावळीला आणखी कुठला पुरावा हवा?

इथे पुन्हा तारापूरचं नाव येतं, जरा आडवाटेने.

पूना हॉर्सचे घोडे गेले आणि रणगाडे आले. १९६५ च्या युद्धात सियालकोट आघाडीवर या पलटणीचे प्रमुख होते लेफ्टनंट कर्नल अर्देशीर बुर्झोरजी तारापोर. जन्म मुंबईचा, शिक्षण पुण्याचं, सुरुवातीची नोकरी हैदराबादच्या निजामाच्या सैन्यात. तारापोर या आडनावामागे गावाचं नाव आहे. त्यांचे पूर्वज रतनजीबा शिवाजी महाराजांच्या सैन्यात होते, त्यांना शंभर गावं मिळाली आणि त्यात तारापूर मुख्य होतं, अशी कथा त्यांच्या चरित्रांत सांगितली जाते. आता शिवकाळात आपलं हे तारापूर पोर्तुगीजांच्या ताब्यात होतं, त्यामुळे ही कथा जशीच्या तशी या गावाला चिकटवणं अवघड आहे. पण संजाण, डहाणू, चिंचणी, तारापूर हा सगळा पट्टा पारशांचा जुना मुलूख, हे तर खरंच. आडनावं अशीच प्रवासाला निघतात आणि मूळ गावाचं नाव भलत्याच रणांगणावर नेऊन ठेवतात.

११ सप्टेंबरला फिलोराच्या लढाईत तारापोर जखमी झाले. मागे जायला त्यांनी नकार दिला. पुढचे पाच दिवस ते पलटणीच्या पुढेच राहिले. १४ ला वजीरवाली, १६ ला जसोरान आणि बुतूर-डोगरांडी. या लढायांत पूना हॉर्सने शत्रूचे साठएक रणगाडे निकामी केले आणि स्वतःचे नऊ गमावले. १६ सप्टेंबरला त्यांच्या रणगाड्यावर पुन्हा मारा झाला, त्याने पेट घेतला आणि तारापोर गेले. त्यांना परमवीर चक्र देण्यात आलं, त्या मानपत्रात हे सगळं नोंदलेलं आहे. रणगाडा पहिल्यांदा लढाईत उतरला त्याला त्या वेळी एकोणपन्नास वर्षं आणि एक दिवस झाला होता.

लाखीशच्या शिल्पपटातला तो पळीने पाणी ओतणारा सैनिक मला इथे आठवतो. पोलादी आडोसा आला, इंजिन आलं, साखळीपट्टे आले, आणि तरी अडीच हजार वर्षांपूर्वीचा प्रश्न जिथल्या तिथे. आडोसा जाड झाला की त्याला भेदणारा गोळा जड होतो. मग आडोसा आणखी जाड. मधली ती उघडी जमीन कुणीतरी ओलांडायचीच असते. ती ओलांडायची किंमत कमी करावी म्हणून माणसाने साबात बांधले, दमदमे रचले, रणगाडे ओतले. किंमत बदलली, कधी कमीही झाली, पण ती चुकवणारा मात्र कुठल्याही यंत्राने रद्द केला नाही.

म्हणून 'हे आमच्याकडे आधीच होतं' हा दावा ऐकला की मला जरा अस्वस्थ व्हायला होतं. आपल्याकडे होतं ते यंत्र नव्हे. आपल्याकडे यंत्राची गरज होती, आणि ते नसताना त्याचं काम करणारी माणसं होती. तारापूरच्या भगदाडात बाजी भिवराव होते आणि त्यांच्या पुढेमागे कितीतरी बिननावाचे लोक होते. आपला खरा वारसा अभिमानाने सांगायचाच असेल तर तो हा आहे, आणि तो सांगताना आवाज थोडा खाली यायला हवा.

असो. नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, लष्कराचं रणगाडा संग्रहालय आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळातली रोल्सरॉईसची चिलखती गाडी तिथे आहे, १९६५ मध्ये पकडलेला पॅटनही आहे. मुलांना घेऊन लोक जातात, रणगाड्यापुढे उभं राहून फोटो काढतात. जरूर जावं. पण कधी पश्चिम रेल्वेने डहाणूकडे निघालात आणि वेळ हाताशी असेल, तर बोईसरला उतरून तारापूरचा कोटही बाहेरून बघून या. तटाकडे पाठ करून उभं राहा आणि समोरच्या जमिनीकडे बघा. ती पावलं मोजायला दोन मिनिटंसुद्धा लागत नाहीत.